भाऊच ठेवावेत की नुसते सहकारी करावेत? कथामालिकेतल्या दोघांविषयी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या रहस्यकथा मालिकेत मिरजेतले दोन भाऊ आहेत. थोरला पोलीस उपनिरीक्षक, शिस्तीचा आणि मोजके बोलणारा. धाकट्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान, तो बडबड्या आणि नियमांची फारशी पत्रास न ठेवणारा. पहिल्या तीन कथा वाचकांनी उचलून धरल्या, चौथीपासून मात्र ‘तेच ते चालले आहे’ असे अभिप्राय येऊ लागले. दोघांमधला विरोध आणखी गडद करावा का, आणि तेही जमत नसेल तर त्यांचे भाऊपण काढून टाकून त्यांना नुसते सहकारी करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बावीस वर्षे दूरचित्रवाणी मालिकांसाठी पटकथा आणि संवाद लिहीत आले आहे. त्यातली बरीच वर्षे रोज एक भाग द्यावा लागणाऱ्या मालिकांवर गेली, आणि त्या मालिकांत दोन भाऊ, दोन जावा किंवा दोन मित्र नाहीत असे क्वचितच घडले. त्या अनुभवावरून सांगते की विरोध कमी पडणे ही तुमची अडचण नाही. तुमच्या दोघांमधला विरोध सवयींचा आहे. एक वेळेवर येतो, दुसरा उशिरा येतो. एक बिनसाखरेचा चहा घेतो, दुसरा दोन कप पिऊन पैसे उधार ठेवतो. अशा सवयी तीन भागांत वाचकाला पाठ होतात, आणि मग पुढचा प्रसंग तो तुमच्याआधी मनात लिहून मोकळा होतो. तुम्ही सवयी जितक्या गडद कराल, तितक्या लवकर त्या पाठ होतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी सांगते. एकच कादंबरी लिहायची असेल तर सवयींच्या विरोधावरही ती तरून जाते, कारण वाचक त्या दोघांना कंटाळण्याआधी पुस्तक संपते. मालिकेला ती सोय नाही. कथा कोण सांगतो यानेही बराच फरक पडतो. चि. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी लिहिली तेव्हा निवेदन चिमणरावांच्या तोंडी दिले. त्यामुळे गुंड्याभाऊंचा धिप्पाडपणा आणि बेधडकपणा आपल्याला एका किरकोळ देहाच्या भित्र्या माणसाच्या नजरेतून दिसतो, आणि दोघांमधले अंतर वेगळे वर्णन न करता प्रत्येक वाक्यात जाणवत राहते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर ही जोडी आली तेव्हा कागदावरचे निवेदन जे काम करत होते, त्याचा मोठा भार दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या देहयष्टींनी, चालण्याने आणि आवाजांनी उचलला. तुमच्याजवळ पडदा नाही आणि तुमचा निवेदक तटस्थ आहे, म्हणजे ही दोन्ही साधने तुमच्या हाती नाहीत. तेव्हा तुमच्या कथेत विरोधाला दुसरीकडून बळ मिळायला हवे.

ते कुठून मिळते हे समजून घ्यायला 1975 सालचे दोन हिंदी चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘दीवार’ आणि ‘शोले’ या दोन्हींचे लेखक सलीम-जावेद. एकात दोन भाऊ आहेत आणि दुसऱ्यात दोन जोडीदार. भावांची कथा आणि जोडीदारांची कथा यांची यंत्रणा किती वेगळी असते हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी उदाहरणे मला माहीत नाहीत. नव्या लेखकांबरोबर काम सुरू करताना मी नेहमी त्यांना हे दोन चित्रपट लागोपाठ पाहायला सांगते.

‘दीवार’मधले विजय आणि रवी हे तस्कर आणि पोलीस अधिकारी आहेत, म्हणून वेगळे वाटतात असे आपण सहज म्हणतो. तो वेगळेपणा नंतरचा आहे. मुळात दोघांना एकच जखम झाली आहे: कामगारांचा पुढारी असलेल्या बापाला धाकदपटशाने शरण जावे लागले आणि तो घर सोडून निघून गेला. पण त्या जखमेची खूण एकाच्याच अंगावर उमटली. माझा बाप चोर आहे हे शब्द विजयच्या हातावर गोंदले गेले, रवीच्या नाही. मुंबईच्या फुटपाथवर आल्यावर विजयने शाळा सोडून बूट पॉलिश केले आणि रवी शिकला. म्हणजे रवीला जो प्रामाणिकपणा परवडला त्याची फी विजयने भरलेली आहे. लहानपणी ज्या पुलाखाली झोपले त्याच पुलाखाली हे दोघे पुढे समोरासमोर उभे राहतात, तेव्हा तिथे दोन स्वभाव भांडत नसतात. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे भांडत असतात, आणि त्यातले एक उत्तर दुसऱ्याच्या पैशावर उभे आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

रवीही पुतळ्यासारखा ताठ ठेवलेला नाही, हे आवर्जून पाहा. भावाविरुद्धचे प्रकरण हाती घ्यायला तो आधी तयार नसतो. पाव चोरून पळणाऱ्या एका मुलावर तो गोळी झाडतो, मग त्या मुलाच्या घरी जातो, आणि तिथे त्या मुलाचे वडील, एक निवृत्त शिक्षक, त्याला जे सांगतात त्यानंतर त्याला मागे फिरता येत नाही. कर्तव्यनिष्ठ भावालाही निर्णयापर्यंत चालत यावे लागते, आणि ते चालणे प्रेक्षकाला दाखवावे लागते. तुमचा उपनिरीक्षक प्रत्येक कथेत निर्णयावर आधीच पोहोचलेला असतो, असे मला वाचताना वाटले.

‘शोले’मध्ये सगळे उलट आहे. जय आणि वीरू यांना बांधणारे रक्ताचे नाते नाही. दोघे भाडोत्री आहेत आणि कोणत्याही दिवशी निघून जाऊ शकतात. सुरुवातीला तर ठाकूरची तिजोरी उघडून पळण्याचाच त्यांचा बेत असतो आणि राधा समोर येऊन किल्ल्या पुढे करते तेव्हा ते ओशाळतात. त्यामुळे इथे लेखकाला दर टप्प्यावर एकच काम करायचे असते: हे अजून का थांबले आहेत, याचे नवे आणि आधीपेक्षा मोठे कारण द्यायचे. जयच्या नाण्याकडे पाहा. अडचणीच्या प्रत्येक वेळी तो नाणे उडवतो आणि आपल्याला वाटते की हा नशिबावर हवाला ठेवणारा माणूस आहे. शेवटी तो स्वतः मागे थांबतो, वीरूला पाठवतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर वीरूच्या लक्षात येते की नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. नशिबाचे म्हणून जे सोडले होते ते जयने आधीच ठरवलेले होते. सवय सगळेच लेखक देतात, पण ही सवय सुरुवातीला गंमत वाटते आणि शेवटी त्याग ठरते, म्हणून ती इतकी वर्षे लोकांच्या लक्षात राहिली.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम बांधला आहे आणि तो मला अजून मोडावा लागलेला नाही. भाऊ एकमेकांना निवडत नाहीत आणि सोडूनही जाऊ शकत नाहीत, म्हणून भावांच्या कथेला त्यांना वेगळे ओढणारे कारण लागते. जोडीदार एकमेकांना निवडतात आणि केव्हाही सोडू शकतात, म्हणून जोडीदारांच्या कथेला त्यांना एकत्र धरणारे कारण लागते. तुम्ही दोन भाऊ घेतले आहेत आणि दर कथेत त्यांना एकत्र आणण्यासाठी धडपडता आहात. कधी थोरल्याला संगणकाची अडचण येते, कधी धाकटा योगायोगाने घटनास्थळी हजर असतो. ती मेहनत वाया जाते आहे. ते भाऊ आहेत, रात्री एकाच घरात जेवायला बसतात. त्यांना एकत्र आणायला कारण लागतच नाही.

शेरलॉक होम्सच्या कथा या दृष्टीने वाचल्या तर आणखी एक बारकावा सापडतो. 1887 साली आलेल्या पहिल्या कादंबरीत होम्स आणि वॉटसन एकत्र का राहू लागतात? दोघांनाही एकट्याने जागेचे भाडे परवडत नसते. इतके साधे, रोकडे कारण आहे, पण त्यावर सगळी मालिका उभी राहिली. होम्सला सख्खा भाऊही आहे. मायक्रॉफ्ट त्याच्याहून सात वर्षांनी मोठा, निरीक्षणात त्याच्यापेक्षा वरचढ, पण जागचा न हलणारा. इतकी बुद्धिमान व्यक्तिरेखा हाताशी असूनही तो मोजक्याच कथांत येतो, आणि वॉटसन मात्र जवळजवळ सगळीकडे असतो. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की या दोन भावांचे एकमेकांवाचून काही अडत नाही. वॉटसनवाचून होम्सचे अडते, आणि होम्सवाचून युद्धातून जखमी होऊन परतलेल्या त्या डॉक्टरच्या दिवसांना अर्थ उरत नाही. तुमच्या कथांतला धाकटा उद्या मुंबईला निघून गेला तर थोरल्याचे काय अडेल? त्याचे मोबाइलचे काम दुसरा कोणीही तंत्रज्ञ करू शकत असेल, तर उत्तर अजून सापडलेले नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगते, कारण ती तुमच्या अडचणीच्या फार जवळची आहे. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी मी दोन भावांची मालिका लिहीत होते. थोरला पतसंस्थेत लेखापाल, काटकसरी आणि जपून पावले टाकणारा. धाकटा उडाणटप्पू, हातात पैसा न टिकणारा. साठ-सत्तर भागांनंतर आमच्या बैठकीत प्रत्येक नव्या सीनला कोणीतरी म्हणू लागले की हे झाले आहे. तेव्हा एक प्रसंग लिहायचा होता. वडील वारल्यानंतर त्यांची जुनी स्कूटर अंगणात उभी आहे आणि तिचे काय करायचे यावर दोघांची बोलाचाली होते. मी पहिल्या मसुद्यात थोरल्याला ती विकायला लावली, कारण तो व्यवहारी. धाकट्याला ती ठेवायला लावली, कारण तो भावनाप्रधान. दोन पाने भरली. वाचून पाहिले तर एकही वाक्य असे नव्हते जे मला लिहिण्याआधी ठाऊक नव्हते.

मी तो सीन फाडला आणि बाजू बदलल्या. व्यवहारी थोरल्याला स्कूटर ठेवायची आहे. तो दर रविवारी फडके घेऊन तिची सीट पुसतो, पण किक मात्र कधी मारत नाही. धाकट्याला ती विकायची आहे, कितीही कमी भाव आला तरी. का, ते तो सांगत नाही. फक्त इतकेच दाखवले की वडील गेल्यापासून तो पुढच्या दाराने घरात येत नाही, मागच्या मोरीच्या बाजूने येतो. सीनच्या शेवटी थोरला विचारतो, ‘तुला तिची एवढी अडचण काय होते?’ आणि धाकटा म्हणतो, ‘दादा, त्या रात्री त्यांना दवाखान्यात मी हिच्यावरून नेलं. माझ्या पाठीवर मान टाकली होती त्यांनी. मला वाटलं झोप लागली.’ थोरला त्या रात्री वसुलीसाठी बाहेरगावी होता. तो हातातले फडके घडी करून सीटवर ठेवतो आणि आत जातो. त्या एका प्रसंगातून आम्हाला पुढचे कित्येक आठवडे पुरेल एवढी कथा मिळाली, कारण पहिल्यांदाच दोघांकडे एकच दुःख होते आणि त्या दुःखात एकजण हजर होता, दुसरा नव्हता. त्यानंतर थोरल्याची काटकसर आणि धाकट्याची उधळपट्टी तशीच राहिली, पण त्यांच्यामागचे कारण प्रेक्षकांना कळले होते, म्हणून त्याच सवयी आता जुन्या वाटेनात.

याचा अर्थ सवयी आणि लकबी निरुपयोगी आहेत असा घेऊ नका. ‘सी.आय.डी.’ ही मालिका 1998 पासून दोन दशके चालली आणि तिच्यातला दया दरवाजा तोडतो हे मालिका न पाहणाऱ्यालाही माहीत असते. अशी ओळखीची खूण प्रेक्षकाला घरच्यासारखी वाटते, मध्येच मालिका लावणाऱ्यालाही माणूस चटकन ओळखू येतो, आणि दीर्घ मालिकेला त्याची गरजही असते. पण दरवाजा तुटल्यावर कथा पुढे नेण्याचे काम तपासानेच करावे लागते. तुमच्या धाकट्याचा उधारीचा चहा ही चांगली खूण आहे, ती राहू द्या. तिच्याकडून कथा ओढण्याची अपेक्षा तेवढी करू नका.

बाजू बदलण्याची जी युक्ती मी सांगितली तिला फार मोठी परंपरा आहे. 1993 साली सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेत मल्डर हा अतींद्रिय गोष्टींवर विश्वास ठेवणारा आणि स्कली ही विज्ञानाच्या कसोटीवर सगळे घासून पाहणारी, अशी सरळ वाटणी आहे. पण स्कली कॅथलिक आहे, गळ्यात क्रूस घालते, आणि प्रकरण धर्मश्रद्धेच्या वाटेला गेले की विश्वास तिच्याकडे येतो आणि संशय मल्डरकडे. स्वभाव कोणाचाच बदललेला नसतो, विषय बदलताच जागा बदलतात. त्यांच्या मतभेदाला वर्षानुवर्षे धार राहिली ती यामुळे. तुमचा शिस्तीचा थोरला कोणत्या एका बाबतीत नियम मोडेल, आणि बेफिकीर धाकटा कोणत्या बाबतीत तसूभरही हलणार नाही, हे तुम्ही आजच कागदावर लिहून ठेवा. कथेत ते लगेच वापरायची घाई नको.

भावांच्या जोडीवर अमेरिकी दूरचित्रवाणीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास बहुधा ‘सुपरनॅचरल’चा असेल: 2005 ते 2020, पंधरा पर्व, 327 भाग. तिथेही ‘दीवार’चाच सांगाडा दिसतो. सॅम सहा महिन्यांचा असताना आई आगीत जाते आणि चार वर्षांचा डीन त्याला उचलून घराबाहेर आणतो. पुढे डीन बापाची आज्ञा पाळत राहतो, सॅम घर सोडून स्टॅनफर्डला शिकायला जातो. एकाला जे घडले ते थोडेफार आठवते, दुसऱ्याला काहीच आठवत नाही, पण दोघांचे आयुष्य त्याच रात्रीने ठरवले आहे. भूतपिशाच्चांच्या कथा मला व्यक्तिशः फारशा भावत नाहीत, तरी या मालिकेच्या पहिल्या पर्वाची बांधणी मी अभ्यासासाठी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, कारण दर आठवड्याला नवे प्रकरण आणि त्याखाली भावांचा जुना हिशेब असे दोन थर तिथे एकमेकांना धक्का न लावता चालतात. रहस्यकथा मालिकेला नेमके हेच हवे असते.

आता तुमच्या दोघांकडे येते. तुम्ही त्यांना भाऊच ठेवा. सहकारी केलेत तर त्यांना एकत्र धरणारे कारण नव्याने शोधावे लागेल आणि हाती असलेले भांडवल वाया जाईल. त्याऐवजी मागे जाऊन एक प्रश्न विचारा: थोरला फौजदार झाला आणि धाकटा दुकानात बसला, हे कोणी ठरवले? उपनिरीक्षकाची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो, आणि तिच्या तयारीसाठी मुले पुण्याला खोली घेऊन, अभ्यासिकेत जागा भाड्याने घेऊन, मेस लावून दोन-तीन वर्षे काढतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मिरजेतल्या साध्या घराला दोन मुलांचा हा खर्च बहुधा पेलला नसता. समजा एकालाच पाठवणे शक्य होते, आणि धाकट्याने त्या वर्षी दुकान उघडून दादाला दरमहा पैसे पाठवले. हे घरात कोणी कधी उच्चारत नाही. तसे झाले की धाकट्याच्या उधारीच्या चहाकडे वाचक वेगळ्या नजरेने पाहील, आणि थोरला ती उधारी गुपचूप का फेडतो हेही त्याला कळेल.

दुसरे, धाकट्याच्या मदतीला किंमत लावा. तुमच्या चौथ्या कथेत थोरला जप्त केलेला मोबाइल रात्री घरी आणतो आणि धाकटा तो उघडून देतो. हा प्रसंग तुम्ही गमतीत निभावला आहे, पण पोलिसी कामाच्या दृष्टीने तो भयंकर आहे. पंचनाम्यात नोंदवलेला, पाकिटात घालून सील केलेला मुद्देमाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायचा असतो. तो मध्येच कोणा खाजगी माणसाच्या हातात गेला हे उघडकीला आले तर बचाव पक्षाचा वकील न्यायालयात त्यावरच बोट ठेवेल, पुरावा संशयास्पद ठरेल आणि अधिकाऱ्यावर खात्याची चौकशी बसेल. म्हणजे धाकटा जितकी अचूक मदत करील तितकी दादाची नोकरी धोक्यात येईल. ही कोंडी तुमच्या हातात आयती आली आहे. सील केलेले पाकीट जेवणाच्या ताटाशेजारी पडले आहे, दोघे जेवताहेत, आणि ते कोणीच उचलत नाही, असा प्रसंग लिहिलात तर एका पानात दोन्ही माणसे उभी राहतील.

भाषेकडेही लक्ष द्या. संवादांपुढची नावे झाकून कथा कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. ऐकणाऱ्याला कोण बोलते आहे हे कळले पाहिजे. तुमचा धाकटा मिरजेच्या बोलीत बोलतो, पण मोठे सत्य उलगडताना अचानक पुस्तकी होतो, आणि तिथे दोन्ही आवाज एक होतात. थोरलाही पोलीस ठाण्यात जे बोलतो तेच घरी बोलतो. ‘सदर इसम’ ही त्याची भाषा आईसमोर यायला नको. आईचा विषय निघाला म्हणून सांगते, तिसरी व्यक्ती आणण्याचा विचार तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरता मांडला आहे. नवीन सहायक किंवा पत्रकार आणण्याआधी तुमच्या कथांत असूनही फक्त चहा करणाऱ्या आईला बोलू द्या. कोणाला पुण्याला पाठवायचे हे ठरले त्या दिवशी घरात जे बोलणे झाले, ते त्या दोघांव्यतिरिक्त फक्त तिला माहीत आहे. चौथी कथा मागे घेऊन पुन्हा लिहायची तुमची तयारी असेल तर मी त्या पाकिटाच्या प्रसंगापासून सुरुवात करीन आणि आईला ताट वाढायला नेमके त्याच वेळी आत आणीन.